कॉमेंटमधले जावई

मामा: ...म्हणून म्हणतो, 'रुसवा' हा शब्द घातल्याशिवाय मी केलेली ही संगणकाची भाषा पुरी होत नाही.

भाची: मामा, आधी बस. आणि तो चहा कीबोर्डपासून लांब ठेव.

मामा: समज, एक जावई आहे. त्याला कुणी काही म्हटलं नाही तर तो कोपऱ्यात गप्प बसून राहील. पण दुसऱ्या कुणाला मान मिळालेला दिसला, की ताडकन उठून उभा. तसा हा नियम. एरवी झोपलेला, डावललं की जागा होणारा. वेबपानांना रंगरूप देणारं ते सीएसएस, जगातल्या कुठल्या सीएसएसमध्ये आहे हे?

भाची: कुठल्याच नाही. जगाला गरज पडलेली नाही.

मामा: गरज पडल्यावर धावणारे पुष्कळ. आग लागल्यावर विहीर खणणारे.

भाची: आपल्याकडे विहिरी झाल्या आहेत रग्गड, आगच लागत नाही. ऐक. तीन वाजता आपल्या गिऱ्हाईक, त्या चष्म्यांच्या दुकानवाल्या बाईंचा फोन यायचाय, चार वाजता वरच्या मजल्यावर मीटिंग आहे. त्याआधी मला तुला एक सांगायचंय. म्हणजे, सांगायला पाठवलंय.

मामा: कुणी?

भाची: दोन्ही डायरेक्टरांनी. मोठे धाकट्यांना म्हणाले, तुम्ही बोला. धाकटे म्हणाले, मास्तरांपुढे माझं तोंड उघडत नाही, पहिलं बटण काढायला त्यांनी शिकवलं मला. मग दोघांना एकदमच आठवलं, की मास्तरांची सख्खी भाची याच मजल्यावर बसते.

मामा: वा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदरांनी मांजराचीच भाची गाठली. बांध.

भाची: तुझी भाषा बंद करायची म्हणतायत. ती वाचून ब्राउझरला समजावणारा तुझा तो प्रोग्राम, दुभाषा, तोसुद्धा. आता ब्राउझर स्वतःच रंगांना नावं देऊ देतो. गिऱ्हाइकानं एक ओळ लिहिली की रंग बदलतो. मधे दुभाषा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मामा: मग करा की बंद. मला कशाला विचारता?

भाची: कारण ते म्हणतात, हे मास्तरांच्या तोंडून यायला हवं. ज्यानं मांडलं त्यानंच आवरावं. म्हणजे वाईटपणा कुणाकडेच नको.

मामा: आणि मी नाही म्हटलं तर?

भाची: तर हो म्हणायची कुणाची छाती नाही. सगळं आहे तसंच चालू राहील, आणि चष्मेवाल्या बाई आज संध्याकाळी दुसऱ्या कंपनीकडे जातील. तसं त्यांनी कळवलंय. त्या गेल्या की माझ्या टीमचं निम्मं काम गेलं. काम गेलं की खुर्च्या जातात, मामा. त्या खुर्च्यांवर कोण कोण बसतं ते तुला माहीत आहे.

मामा: माहीत आहे. पण मला एक सांग, कुणाला नको असलेली वस्तू लोक वापरतात का?

भाची: म्हणजे?

मामा: पाण्याच्या पिंपावरचा पडदा बघ. तो आकडा कसला आहे?

भाची: तुझे शब्द आपल्या फाइलींमध्ये कितीदा लिहिले गेले, त्याचा. तुझा दुभाषाच मोजतो.

मामा: काल किती होता, आज किती आहे? रोज सकाळी चहा घेऊन मी तिथं उभा राहतो, रोज वाढलेला असतो. डायरेक्टर तोंडानं काय वाटेल ते म्हणोत. आकड्याला कुणाची भीड नसते.

भाची: हं.

मामा: हं काय? बोल ना.

भाची: काही नाही. चहा गार होतोय तुझा.

मामा: विषय बदलू नकोस. तू विसरलीस आपण कुठून निघालो ते. आपण विकतो काय? तयार भाग. बटण, यादी, कॅलेंडर. लोक ते आपापल्या पानात बसवतात आणि प्रत्येकाला ते आपल्या रंगाचे हवे असतात. भाग असतो बंद डब्यासारखा, बाहेरचा रंग आत शिरत नाही. आठवते ती फरशीवाल्यांची कंपनी?

भाची: बटणाचे कोपरे गोल हवे होते त्यांना.

मामा: गोल कोपरे. एवढ्यासाठी तो बिचारा आठवडाभर फोन करत होता. आणि आपण तिघं आठवडाभर डबा फोडत बसलो होतो. तेव्हा मी ठरवलं, पुन्हा कुणाला एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्या दारात यायला लागता कामा नये. ज्याचं घर त्यानं रंगवावं. म्हणून सीएसएसमध्ये तीन शब्द वाढवले. भाग आपल्याकडून जो रंग घेऊन जातो ते माहेर. गिऱ्हाइकाच्या पानाचा रंग ते सासर. दोघांत भांडण झालं तर सासरचं चालेल. आणि ज्याला कुणीच डावलायचं नाही, तो जावई. काय चुकलं?

भाची: काहीच नाही. तीन शब्द होते तोवर झकास होतं. मला एका दुपारी कळलं होतं सगळं.

मामा: तूच पहिली. बाकीचे नुसतं 'प्राधान्यक्रम' म्हटलं की जांभया द्यायचे. नात्यात सांगितलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं त्यांच्या.

भाची: हो, पण मग प्रत्येकानं आपल्या प्रत्येक ओळीला जावई लावला.

मामा: माणसांना मोह आवरत नाही, त्याला भाषा काय करणार?

भाची: घरात सगळे जावईच जावई. पाणी कुणी कुणाला द्यायचं? म्हणून तू थोरला जावई काढलास. पुढच्या आठवड्यात सगळे थोरले झाले. मग घरजावई काढलास.

मामा: घरजावयाचं प्रयोजन निराळं होतं. तो घरातच असतो, त्यामुळे त्याला थोरल्याइतका मान नाही, पण त्याच्यावाचून अडतं. भाषेच्या पुस्तिकेत सविस्तर दिलंय.

भाची: पुस्तिकेतला तो मानपानाचा तक्ता घडीचा आहे, मामा. उघडला की टेबलावरून खाली लोंबतो. आणि स्वतःच्या लग्नात मानपानाची कटकट नको म्हणून तू तीन साक्षीदारांत उरकलंस. आई अजून बोलून दाखवते, साधी करवलीची साडीसुद्धा नेसू दिली नाही म्हणून.

मामा: म्हणून तर हौस राहून गेली. घे, फोन वाजतोय.

भाची: मी बोलते. तू मधे नवा शब्द काढू नकोस, एवढं कर. नमस्कार बाई, बोला. मास्तरही इथेच बसलेत.

बाई: बरं झालं. मला त्यांचाच आवाज ऐकायचा होता. आज वार कोणता?

मामा: मंगळवार.

बाई: मंगळवारी माझी सगळी दुकानं बंद असतात. तरी मी आत्ता शटर उघडून आत बसलेय. का? कारण पायरीवर पाच म्हातारी माणसं येऊन बसलीत. प्रत्येक पावतीवर मी छापलंय, आमच्या वेबसाइटवर कॅलेंडर बघा, हिरवा दिवस म्हणजे दुकान उघडं, करडा म्हणजे बंद. तुमच्या कॅलेंडरात मंगळवार हिरवागार दिसतोय. लोक बघतात आणि येतात.

भाची: बाई, तारखेखाली 'बंद' असं लिहिलेलंही आहे ना?

बाई: आहे की. बारीक अक्षरात. अहो, अक्षर दिसत नाही म्हणून तर माझ्याकडे येतात. रंग तेवढा कळतो त्यांना.

मामा: तुम्ही स्वतः रंग बदलून पाहिलात?

बाई: तुमच्या माणसांनी सांगितलं तशी ओळ लिहिली. करडा. महिना झाला. एकदा लिहिली, दहादा लिहिली, मंगळवार काही मला दाद देत नाही. पूर्वी करडा होता हो. गेल्या महिन्यात आपोआप हिरवा झाला.

मामा: ओळीला जावई लावलात का?

बाई: माझ्या घरी दोन आहेत. इथं कशाला तिसरा?

मामा: तसा नव्हे. आमच्या भाषेतला शब्द आहे तो. ओळीच्या शेवटी लिहिला की ती ओळ कुणाला डावलता येत नाही.

बाई: बरं, लिहिते. झालं. हिरवाच.

मामा: मग थोरला जावई लिहा.

बाई: लिहिला थोरला. हिरवाच.

मामा: हां. म्हणजे आमच्या बाजूलाही एक थोरला जावई बसलेला आहे. दोन थोरले समोरासमोर आले की आधी आला त्याचा मान.

बाई: थोरले दोन कसे असतील?

मामा: भाषेत असू शकतात.

बाई: घरात नसतात. आमच्याकडे थोरला एकच आहे आणि तो एकटाच पुरून उरतो. मास्तर, मी दुकानदार बाई आहे. मला माझ्या भिंतीला रंग द्यायचाय, तुमच्या घरी सोयरीक नाही जमवायची. ती दुसरी कंपनी म्हणते, आमच्याकडे नुसता रंग लिहायचा. संध्याकाळी त्यांचा माणूस सही घ्यायला येतोय.

मामा: दोन मिनिटं द्या. आमच्या बाजूचा तो थोरला कुठं बसलाय, ते बघतो. ए, कॅलेंडरची फाइल उघड.

भाची: मी बघते ना नंतर. तुम्ही कशाला त्रास घेता, मास्तर?

मामा: नंतर कधी? पायरीवर माणसं बसलीत. बाईंना होल्डवर टाक.

भाची: बाई, दोनच मिनिटं हं. होल्ड... हां, लागला.

(मामा स्वतःची खुर्ची ओढून भाचीच्या संगणकासमोर बसतो. भाची उभीच राहते.)

मामा: हे काय? हे तर साधं सीएसएस आहे. रंगाला नाव दिलंय, नावाला रंग दिलाय. माझे शब्द कुठायत?

भाची: खाली जा.

मामा: हां, आहेत. कॉमेंटमध्ये. माहेर, जावई, जावई, घरजावई. बघ, माझा अंदाज बरोबर होता.

भाची: कसला अंदाज?

मामा: दुसऱ्याची फाइल मी कधी उघडत नाही. परक्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलल्यासारखं वाटतं. पण गेल्या महिन्यात त्या आकड्याची फोड करून बघितली, शब्द नेमके कुठे पडतात याची. जवळजवळ सगळे कॉमेंटमध्ये. आधी चक्रावलो. कॉमेंट म्हणजे माणसानं माणसासाठी लिहून ठेवलेली टीप, यंत्रानं ती ओलांडून पुढं जायचं. तिथं माझे शब्द लिहून फायदा काय? मग उलगडलं.

भाची: काय उलगडलं?

मामा: पोरं बुजरी आहेत. माझी भाषा लिहायची हौस आहे, पण चुकलं तर मास्तर काय म्हणतील ही धाकधूक. म्हणून लिहितात आणि कॉमेंटच्या आडोशाला ठेवतात.

भाची: मग तू काय केलंस?

मामा: धीर दिला त्यांना.

भाची: धीर दिलास म्हणजे नक्की काय केलंस, मामा?

मामा: दुभाष्याला सांगितलं, कॉमेंटमधला आपला शब्दही खरा मानायचा. नव्या आवृत्तीत घातलं ते. गाजावाजा केला नाही, उगाच कुणाला ओशाळं वाटायला नको.

भाची: गेल्या महिन्यात.

मामा: हो.

भाची: बाईंचा मंगळवार गेल्या महिन्यात हिरवा झाला.

मामा: थांब. ही बघ ओळ. दिवसाचा रंग हिरवा. आणि शेजारी कॉमेंटमध्ये, थोरला जावई. हाच तो. सुट्टीचा करडा याच्यापुढं उभा राहू शकत नाही, बाईंची ओळही नाही. पण मला कळत नाही, हिरव्याला एवढा मान द्यावासा कुणाला वाटला?

भाची: कुणाला काही वाटलं नाही. हात गेला तिथं लिहिलं.

मामा: असं कसं? कुणीतरी विचार करून लिहिलं असणार.

भाची: विचार करून लिहिलंय, पण हिरव्याचा नाही. ही ओळ माझी आहे.

मामा: तुझी? तू कधीपासून बुजरी झालीस?

भाची: तू पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर कामावर परत आलास, तो सोमवार आठवतो? तू नसताना सगळ्यांनी ब्राउझरची सोय धरली होती, पडद्यावर शून्य होतं. तू कप घेऊन समोर उभा राहिलास. चहावर साय धरली, तरी तू उभाच. मी जागेवर जाऊन एका फाइलमध्ये कॉमेंट टाकली. नुसता शब्द, जावई. पडद्यावर एक झाला. मग तू चहा प्यालास.

मामा: गार?

भाची: गारच. पण प्यालास.

मामा: आणि दुसऱ्या दिवशी?

भाची: दुसऱ्या दिवशी शेजारच्यानं विचारलं, हे काय लिहिलंयस. मी सांगितलं. त्यानं पण एक टाकला. मग रीतच पडून गेली. सकाळी आल्यावर प्रत्येकानं एक शब्द लिहायचा. 'मास्तरांचा मान' म्हणतात त्याला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी खुर्ची देतात, पासवर्ड देतात आणि हे सांगतात. हिशेब बघणाऱ्या बाईंना फाइल उघडता येत नाही, तर त्या दुसऱ्याकडून लिहवून घेतात. म्हणतात, माझा राहिला नाही ना आज?

मामा: सगळे?

भाची: सगळे. मग कुणीतरी कंटाळून ते आपोआप होईल अशी सोय केली. तेव्हापासून तुझा आकडा रविवारीही वाढतो. तुला कधी शंका नाही आली, ऑफिस बंद असताना कोण लिहितंय?

मामा: मला वाटलं, पोरं मेहनती आहेत.

भाची: मेहनती आहेतच.

मामा: हसू नकोस.

भाची: हसत नाहीये.

मामा: म्हणजे खरी खरी माझी भाषा कुणीच लिहीत नाही.

भाची: ब्राउझरनं स्वतःची सोय दिली, त्यानंतर नाही.

मामा: आणि मी बसून त्यात नवे नवे नातेवाईक वाढवतोय.

भाची: ते आम्ही रीतसर कॉमेंटमध्ये बसवतोय. 'रुसवा'सुद्धा परवाच बसवला. तू जेवताना शेजारच्याला सांगितला होतास ना, त्याच दुपारी.

मामा: वर सांगताना तू काय सांगणार होतीस? आकड्याचं?

भाची: नाही. तू हो म्हणालास, एवढंच. आकड्याचं कुणीच सांगणार नव्हतं. डायरेक्टरांनाही माहीत आहे ते.

मामा: त्यांनाही?

भाची: धाकटे रोज एक लिहितात. मोठे सणासुदीला.

मामा: आणि मी तोच आकडा दाखवून त्यांना नाही म्हणणार होतो. मघाशी तुला दाखवलाच की. तू नुसतं 'हं' म्हणालीस.

भाची: मग काय म्हणायला हवं होतं? आमच्याच हातानं वाढवलेला आकडा. आम्हीच तुला घोड्यावर बसवलं, आता खाली उतर म्हणायला जीभ रेटत नाही कुणाची.

मामा: घोडा कुठला? लाकडी होता. तुम्ही सगळे मिळून हलवत होतात, मी आपला टाच मारतोय.

बाई: ऐका, मी जरा बोलू का?

भाची: बाई? तुम्ही... तुम्हाला होल्डवर टाकलं होतं ना मी?

बाई: नाही बाई. मी पहिल्यापासून इथेच आहे.

भाची: असं कसं? दाबायला गेले तर बटण दाबलेलंच दिसलं. मला वाटलं, लागला.

मामा: या फोनच्या पडद्यावरचं ते बटण कुणाचं आहे?

भाची: आपलंच. आपल्याच भागांनी बनलंय सगळं.

मामा: मग त्यालाही कुणीतरी मान दिलेला असणार. दाबलं तरी हिरवं, नाही दाबलं तरी हिरवं.

बाई: म्हणजे ते बटणही माझ्या मंगळवारासारखंच. बरं, मी काही मुद्दाम ऐकलं नाही, पण ऐकू आलं. ही तुमची भाची, तेही कळलं. मघाशी कसं 'तुम्ही तुम्ही' चाललं होतं. तुमच्या घरचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही. पायरीवरच्या एका आजींना आत घेऊन पाणी दिलंय. त्या आजींसमक्ष एवढंच सांगा, मंगळवार करडा होणार, की त्या दुसऱ्या माणसाला सही देऊन टाकू?

मामा: होणार.

भाची: मी ती कॉमेंट काढून टाकते. आत्ता होईल.

मामा: एक काढून काय होतंय? वावरभर पेरलेत तुम्ही. आज बाईंचा मंगळवार, उद्या कुणाची आणखी काही तारीख, परवा कुठलं तरी 'रद्द करा'चं बटण 'पक्कं करा'सारखं दिसणार.

भाची: मग तू घातलेला तो कॉमेंट मानायचा नियम काढ.

मामा: तो काढला की मागं काय उरतं? जे कुणी लिहीत नाही, ते वाचायला बसलेला दुभाषा. गिऱ्हाईक नाही तरी रोज शटर उघडायचं, झाडलोट करायची आणि गल्ल्यावर बसायचं. सरक जरा, माउस दे.

भाची: काय करतोयस?

मामा: दुभाष्याला सुट्टी.

भाची: सगळ्याला? मामा, मीटिंग चारला आहे. आधी वर विचारायला नको?

मामा: माझ्या तोंडून यायला हवं होतं ना त्यांना? हातून आलं म्हणून बिघडलं कुठं? चल, झालं. एवढंच होतं. मांडायला काय काय केलं होतं, आवरायला एक ओळ पुरली.

भाची: मामा, तिकडं बघू नकोस.

मामा: पडद्याकडं? का?

भाची: शून्य झालंय.

मामा: असू दे. पहिल्यांदाच खरं बोलतोय तो. बाई, आहात ना?

बाई: मी कुठं जाते? होल्डचं बटण तुमच्याकडे आहे.

मामा: आता तुम्ही मघाशी लिहिलेलं सगळं पुसा. लिहा, सुट्टीचा रंग. पुढं दोन टिंबं. पुढं करडा. शेवटी अर्धविराम द्या.

बाई: दिला. जावई?

मामा: कुणी नको. नात्याचं काही लिहू नका.

बाई: ... अगंबाई. झाला की.

भाची: करडा दिसतोय?

बाई: करडा म्हणजे अगदी उंदरासारखा. सगळे मंगळवार एका रांगेत. एवढंच होतं?

मामा: एवढंच.

बाई: महिनाभर मी एवढ्यासाठी भांडत होते? आजी, बघा, मंगळवार करडा झाला. काय म्हणताय? हो, ते खरंच. आजी म्हणतात, आता करडा करून काय उपयोग, मी तर येऊन बसलेय. बरं आजी, बसा, शटर उघडंच आहे तर तुमचे डोळे बघूनच टाकते. मास्तर, त्या दुसऱ्या माणसाला मी नको म्हणून कळवते. पण तुमची ती पुस्तिका मला पाठवू नका हं, मागं आली होती. काउंटरवर उघडली तर गिऱ्हाईक म्हणालं, कुणाचं लग्न आहे?

मामा: नाही पाठवत. ती आता कुणालाच जाणार नाही.

भाची: बाई, मी संध्याकाळी एकदा सगळी पानं तपासून तुम्हाला कळवते.

बाई: कळव. आणि मास्तर, एक विचारते. पुढं कधी मला रंग बदलावासा वाटला, हा हिरवा जाऊन निळा हवासा वाटला, तर फोन कुणाला करायचा? तुम्हाला की भाचीला?

मामा: कुणालाच नाही. आत्ता लिहिलीत तशी ओळ लिहायची. तुमचं तुम्हाला येईल. मला पहिल्यापासून हेच करायचं होतं.

बाई: मग झालं तर. ठेवते मी. आजी खोळंबल्यात.

मामा: बाई.

बाई: बोला.

मामा: मंगळवारी तुम्हाला सुट्टीच असते ना. एखाद्या मंगळवारी करत जा फोन.